ट्रिमचा काटा खोटं बोलतोय? स्टर्नड्राइव्हच्या ट्रिम सेन्सरचा दोष कसा शोधायचा

स्टर्नड्राइव्ह म्हणजे इंजिन बोटीच्या आत आणि पंखा असलेला ड्राइव्ह मागे बाहेर. त्या ड्राइव्हचा वरखाली कोन म्हणजे ट्रिम. बोट वेगात आहे, नाळ (बोटीचं पुढचं टोक) हवी तशी वर आली आहे, पण डॅशवरचा ट्रिमचा काटा तळाला चिकटून बसलाय. किंवा उलट घडतं. ड्राइव्ह पूर्ण खाली आहे आणि काटा मध्येच थरथरतोय. अशा वेळी बहुतेक जण पहिलं काम करतात ते नवा सेन्सर मागवण्याचं. मीही एकदा तेच केलं होतं. जुना सेंडर (कोनाची खबर देणारा सेन्सर) उपसून काढण्यात आणि नव्याची तार ओवण्यात एक दिवस गेला. काटा तसाच मेलेला राहिला. दोष निघाला इंजिनजवळच्या काळ्या तारेच्या थिंबलमध्ये (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीत), आणि तो सुटायला दहा मिनिटं लागली. तेव्हापासून माझा नियम आहे, मीटर लावल्याशिवाय पाना उचलायचा नाही.

मागे सेन्सर दोन असतात

हा गोंधळ आधी सोडवू, कारण अर्धी चुकीची खरेदी इथेच होते. मर्क्रुझर या ब्रँडच्या अल्फा आणि ब्राव्हो ड्राइव्हवर गिंबल रिंगच्या (ड्राइव्हला धरून वळवणाऱ्या कड्याच्या) दोन बाजूंना दिसायला जवळजवळ सारखे दोन गोल डबे असतात. उजव्या, म्हणजे स्टारबोर्ड बाजूला ट्रिम पोझिशन सेंडर आणि डाव्या, म्हणजे पोर्ट बाजूला ट्रिम लिमिट स्विच.

सेंडर फक्त खबर देतो. आत एक बदलता रोध असतो. ड्राइव्ह वरखाली झाला की हिंज पिनबरोबर (बिजागरीच्या पिनबरोबर) आतला रोटर फिरतो, ओहम (रोधाचं माप) बदलतात आणि त्यानुसार गेजचा काटा हलतो. जुन्या ॲनालॉग व्यवस्थेत सेंडर पूर्ण मेला तरी ड्राइव्ह व्यवस्थित वरखाली होत राहतो. तुम्हाला कोन दिसत नाही, एवढंच.

लिमिट स्विचची गोष्ट वेगळी. तो 'ट्रिम अप' बटणाच्या सर्किटमध्ये मध्येच बसलेला असतो. ड्राइव्ह ठरावीक उंचीपर्यंत आला की स्विच उघडतो आणि वर जाणं थांबतं. त्यापुढे नेण्यासाठी वेगळं ट्रेलर बटण असतं आणि ते लिमिट स्विचला वळसा घालून थेट ड्राइव्ह उचलणाऱ्या हायड्रॉलिक पंपाला आज्ञा देतं. ही वळशाची वाट लक्षात ठेवा, कारण दोष कुठे आहे ते कळण्याची सगळ्यात सोपी खूण तीच आहे.

लक्षणावरून अंदाज

बोट ट्रेलरवर असताना चावी ऑन करून तिन्ही बटणं (ट्रिम अप, डाउन आणि ट्रेलर) एकेकदा दाबून बघा. इंजिन सुरू करायचं नाही.

ड्राइव्ह वर जातो, खाली येतो, पण काटा हलत नाही किंवा एका टोकाला अडकतो: दोष गेज, तार, अर्थिंग किंवा सेंडर या चौघांपैकी एकात आहे. पंपाला हात लावायची गरज नाही.

ट्रिम अप दाबल्यावर काहीच होत नाही, पण ट्रेलर बटणाने ड्राइव्ह वर जातो: लिमिट स्विच किंवा त्याची तार तुटली आहे. मेकॅनिकला फोनवर एवढं सांगितलंत तरी त्याचं निम्मं काम होतं.

ट्रिम अप दाबून धरलं की ड्राइव्ह थांबतच नाही, थेट ट्रेलरच्या उंचीपर्यंत जातो: लिमिट स्विच चिकटला आहे, त्याच्या तारा एकमेकींना टेकल्या आहेत किंवा आधीच्या कुणीतरी त्या मुद्दाम जोडून ठेवल्या आहेत. याबद्दल पुढे सविस्तर, कारण हा प्रकार नुसता त्रासाचा नाही, धोक्याचा आहे.

वर नाही, खालीही नाही: मग सेन्सरचा विचार सोडा. बॅटरी, पंपाजवळचे फ्यूज आणि सोलेनॉइड (पंपाला वीज देणारे विजेचे स्विच) बघा. मर्क्रुझरच्या पंपावर ११० अँपिअरचा मोठा आणि तारेत २० अँपिअरचा छोटा असे दोन फ्यूज मिळतात. छोटा उडाला तर बटणं मुकी होतात.

एक फसवं लक्षण राहिलं. धक्क्याला उभ्या बोटीत काटा हळूहळू खाली सरकतो आणि माणूस म्हणतो, सेन्सर गेला. ड्राइव्हला टेप लावून मोजा. पुष्कळदा ड्राइव्ह खरोखरच खाली उतरत असतो, म्हणजे हायड्रॉलिकमध्ये गळती आहे आणि बिचारा सेन्सर खरं तेच सांगतोय.

हात घालण्याआधी

पेट्रोल इंजिनाची बोट असेल तर इंजिनचं झाकण उघडा, वास घ्या आणि विजेच्या कुठल्याही तारेला हात लावण्याआधी ब्लोअर (इंजिनच्या खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवा. बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी) साचलेल्या पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

ट्रेलरच्या चाकांना अडण लावा. वर उचललेल्या ड्राइव्हखाली काम करायचं असेल तर त्याला लाकडी ठोकळ्याचा भक्कम आधार द्या, नुसत्या हायड्रॉलिकवर विसंबू नका. ड्राइव्ह आणि ट्रान्सम (बोटीची मागची भिंत) यांच्या फटीत हात असताना डॅशवरच्या बटणापाशी कुणी उभं नको. मदतनीस असेल तर आधी ठरवून घ्या की 'दाब' म्हटल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही.

इंजिन जुनं, पॉइंटवाल्या इग्निशनचं असेल तर चावी ऑन ठेवून तासभर तपासणी करत बसू नका. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापून जळते. दोन-दोन मिनिटांत माप घ्या आणि चावी बंद करा.

सामान फार लागत नाही. मल्टिमीटर, मगरचिमट्याची एक लांब तार, मापाची टेप, मार्कर, पेचकस, आणि अवघड जागा बघायला मोबाइलचा कॅमेरा.

पहिली पायरी: गेज

सुरुवात डॅशपासून करायची, कारण तिथे कोरडं असतं आणि पाठ वाकत नाही. गेजच्या मागे तीन टर्मिनल दिसतील. एकावर चावीचा बारा व्होल्ट येतो, एक अर्थिंगचं आणि एक सेंडरचं. मर्क्रुझरच्या वायरिंगमध्ये सेंडरची तार तपकिरी, तिच्यावर पांढरी रेघ.

चावी ऑन करून पॉझिटिव्ह आणि अर्थिंगच्या टर्मिनलमध्ये व्होल्टेज मोजा. बॅटरीइतकं, म्हणजे बाराच्या आसपास यायला हवं. आलं नाही तर फ्यूज, चावी किंवा डॅशची अर्थिंग बघा. पुढच्या पायऱ्यांचा काही उपयोग नाही.

व्होल्टेज नीट असेल तर सेंडरची तार गेजवरून काढा. काटा एका टोकाला जाऊन बसेल. आता सेंडरचं टर्मिनल एका तुकड्याने अर्थिंगला क्षणभर टेकवा. काटा झपकन दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. दोन्ही टोकं गाठली तर साधारणपणे गेज ठीक आहे, दोष मागे आहे. काटा हललाच नाही तर दोष गेजमध्येच आहे, आणि तुमचा ड्राइव्ह उपसण्याचा दिवस वाचला.

इथेच एक मिनिट थांबून बाकीच्या गेजकडेही बघा. दिवे लावले की ट्रिम, इंधन आणि तापमान असे सगळे काटे एकदम सरकतात का? तसं असेल तर सगळ्यांना एकाच वेळी रोग झालेला नाही, डॅशची अर्थिंग कच्ची आहे. खात्रीसाठी मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक काडी गेजच्या अर्थिंगवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. चावी ऑन आणि दिवे सुरू असताना शून्याच्या अगदी जवळ आकडा यावा. ०.२-०.३ व्होल्टच्या वर गेला तर आधी ती जोडणी घासून साफ करा आणि मगच पुढे जा.

दुसरी पायरी: इंजिनजवळच्या तारा

सेंडरच्या दोन तारा गिंबल हाउसिंगमधून आत येऊन इंजिनच्या हार्नेसला (तारांच्या जुडग्याला) जुळतात. एक तपकिरी-पांढऱ्या तारेला, दुसरी इंजिनच्या अर्थिंगला. दोन्ही सोडवा. मीटर ओहमवर ठेवून काड्या सेंडरच्या दोन टोकांना लावा. चावी बंद आणि तारा हार्नेसपासून मोकळ्या असायला हव्यात, नाहीतर आकडा भलताच येईल.

मर्क्रुझरच्या ॲनालॉग सेंडरमध्ये ड्राइव्ह पूर्ण खाली असताना साधारण १० ओहमच्या आसपास आणि पूर्ण वर असताना १६० ओहमच्या आसपास आकडा येतो. नेमक्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. मदतनीसाला ड्राइव्ह हळूहळू वर न्यायला सांगा आणि आकडा बघत राहा. तो गुळगुळीत चढत गेला पाहिजे. मध्येच उडी मारून अनंतावर गेला आणि परत आला, तर तिथे आतली पट्टी झिजली आहे. नेहमीच्या प्रवासात ड्राइव्ह ज्या कोनात जास्त वेळ राहतो, तिथेच ती सहसा झिजते. म्हणून दोन्ही टोकं बरोबर आणि मध्ये काटा नाचतो, ही तक्रार आली की मला झिजलेल्या पट्टीचाच संशय येतो.

पाच ठिकाणी थांबून आकडे कागदावर लिहा आणि प्रत्येक ठिकाणी ड्राइव्ह उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरचा दांडा किती बाहेर आला तेही टेपने मोजा. पुढच्या वर्षी पुन्हा शंका आली तर तुलनेला हा कागद कामाला येतो.

दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह असेल तर ओहमची टोकं वेगळी असतात. गेज आणि सेंडर एकाच जोडीचे हवेत. एका कंपनीचा सेंडर दुसऱ्याच्या गेजला जोडला तर काटा हलेल, पण खरं कधीच सांगणार नाही. दोन ठिकाणी सुकाणू असलेल्या बोटीत एका साध्या सेंडरवर दोन गेज टांगले तरी दोन्ही चुकतात, तिथे खास दोन गेजचा सेंडर लागतो.

तिसरी पायरी: तार हलवून बघा

आकडा अनंत आला म्हणजे सेंडरच मेला असं नाही. माझ्या अनुभवात सेंडरपेक्षा त्याची तार आधी दगावते. बिचारी तार ड्राइव्ह वरखाली झाला की वाकते, सुकाणू फिरवलं की पिळते, आणि हे सगळं पाण्यात. मीटर लावलेलाच ठेवा, ड्राइव्ह एका जागी स्थिर ठेवा आणि कुणाला तरी सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. ट्रिम हलत नसताना ओहम हलायला नकोत. ते हलले तर तार तुटलेली आहे.

तारेचा वरचा प्लास्टिकचा थर शाबूत दिसतो म्हणून फसू नका. गिंबलपाशी तार चिमटीत धरून दाबत दाबत पुढे सरका. ज्या जागी ती आतून पोकळ, कापसासारखी मऊ लागते, तिथे तांबं उरलेलं नाही. त्या जागेच्या जवळ तार सोलली की आत चमकतं तांबं न दिसता हिरवट-काळी पूड दिसते. इंचभर मागे कापा, पुन्हा सोला. अजून काळं? आणखी मागे या. चमकता धागा लागेपर्यंत कापत जायचं. त्या काळ्या तांब्यावर कितीही झकास क्रिंप केलं तरी महिन्याभरात तक्रार परत येते.

चांगलं तांबं बोटीच्या आतच मिळालं तर कल्हई केलेल्या तांब्याची मरीन तार, चिकट अस्तराच्या श्रिंक स्लीव्हचे क्रिंप जोड, बस्स. ड्राइव्हच्या बाहेर, पाण्यात बुडणाऱ्या भागात मात्र जोड देऊ नका. तो जोड दुसऱ्या दिवसापासून पाणी ओढायला लागतो. तिथे तुटली असेल तर तारेसकट नवा सेंडर घ्यायचा.

लिमिट स्विच तपासताना

लिमिट स्विचच्या दोन तारा पंपाकडे जातात. त्या सोडवा, मीटर बीपवर ठेवा. ड्राइव्ह खाली असताना बीप वाजला पाहिजे. ट्रेलर बटणाने वर नेत गेलात की एका उंचीला तो बंद व्हायला हवा. खालीसुद्धा बीप नसेल तर स्विच किंवा तार तुटली आहे, आणि पूर्ण वर गेल्यावरही वाजत असेल तर स्विच आतून चिकटला आहे किंवा तारा एकमेकींना टेकल्या आहेत.

स्विच बिघडला की त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकायचा सल्ला हमखास मिळतो. ट्रेलरवर, क्षणभर, दोष पक्का करण्यासाठी जोडा, हरकत नाही. पण तशी बोट पाण्यात घेऊन जाऊ नका. वेगात ड्राइव्ह ठरल्या उंचीपेक्षा वर गेला की गिंबल रिंगचा बाजूचा आधार सुटतो. मग वळण घेताना ड्राइव्ह बाजूला झुकतो, सुकाणूवरचा ताबा जातो आणि रिंग, बेलोज (पाणी आत येऊ न देणारी रबरी नळी), युनिव्हर्सल जॉइंट सगळ्यांवर मार बसतो. जुनी बोट विकत घेतली असेल तर पंपाजवळ अशी गाठ मारलेली नाही ना, ते पहिल्याच दिवशी बघून घ्या.

बदलायचाच असेल तर

सेंडर आणि लिमिट स्विच बऱ्याचदा जोडीनेच विकले जातात, आणि तार ओवण्याची मेहनत एवढी असते की दोन्ही एकदमच बदललेले बरे. पाणी एकाच्या आत गेलं असेल तर दुसराही त्याच वयाचा आहे.

काढण्याआधी जुन्या तारेची वाट मोबाइलवर टिपून ठेवा. कुठे क्लिप आहे, कुठे ढील सोडली आहे, सगळं. मग दोन स्क्रू सोडा आणि डबा ओढून काढा. मिठाने जाम झालेला स्क्रू जोर लावला की तुटतो. आदल्या रात्री गंजनाशक तेल मारून ठेवा, आणि पेचकसाचं तोंड स्क्रूला घट्ट बसणारंच घ्या.

डबा हातात आला की एक परीक्षा करा. मीटर लावून रोटर पेचकसाने फिरवा. हातात आकडे नीट चढतात, पण बसवल्यावर हलत नाहीत, असं असेल तर दोष सेंडरचा नाही. रोटरला फिरवणारी हिंज पिनची खाच झिजली आहे किंवा रोटर खाचेत बसलाच नव्हता. असा चांगला सेंडर कचऱ्यात गेलेला मी पाहिला आहे.

तार ओढून काढण्याआधी तिच्या आतल्या टोकाला मजबूत दोरी बांधा. जुनी तार बाहेर आली की दोरी मागे राहते, आणि नवी तार त्याच दोरीने आत जाते. दोरी न बांधता तार ओढलीत तर पुढचा तास आरसा आणि शिव्या यांत जातो.

बसवताना ड्राइव्ह पूर्ण खाली असावा. रोटरवरची खूण डब्याच्या खुणेशी जुळवा, रोटर पिनच्या खाचेत बसल्याची खात्री करा आणि स्क्रू हलकेच आवळा. तारेला सुकाणूच्या दोन्ही टोकांपर्यंत आणि ट्रिमच्या पूर्ण उंचीपर्यंत पुरेल एवढी ढील ठेवा. ताणली जाणारी तार वर्षभर टिकत नाही, आणि फार सैल तार कुठेतरी चिमटते.

जुळवणी

सेंडरच्या डब्याला स्क्रूची भोकं लांबट असतात, ती यासाठीच. ड्राइव्ह पूर्ण खाली, चावी ऑन. डबा हळू फिरवत काटा गेजच्या तळाच्या रेघेवर आणा आणि स्क्रू आवळा. आवळताना काटा जरासा सरकतो. तेवढा अंदाज आधीच धरा. मग ड्राइव्ह पूर्ण वर नेऊन पाहा. वरचं टोक थोडं इकडेतिकडे असलं तर चालतं, तळ मात्र बरोबर हवा, कारण बोट प्लेनवर (वेगात पाण्यावर उचलून) आणताना तुम्ही तळच बघता.

लिमिट स्विचची जुळवणी अंदाजाने करू नका. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकात सिलिंडर किती लांबल्यावर ड्राइव्ह थांबला पाहिजे ते माप दिलेलं असतं. डबा अशा बाजूला फिरवून ठेवा की ड्राइव्ह लवकर थांबेल, टेप लावा, मग थोडा थोडा फिरवत मापापर्यंत आणा. मापापेक्षा थोडा आधी थांबला तरी नुकसान नाही, पुढे गेला तर आहे.

डिजिटल सेंडर असेल तर

नव्या बोटींत तीन तारांचा सेंडर येतो. एकीवर ५ व्होल्ट, एक अर्थिंग आणि एक सिग्नल. यावर ओहमचा खेळ चालत नाही. आधी ५ व्होल्ट आणि अर्थिंग कनेक्टरपर्यंत पोहोचतात का ते बघा. मग ड्राइव्ह हलवताना सिग्नलचं व्होल्टेज सलग बदलतं का ते पाहा. तुटक बदल, शून्य किंवा कायम ५ व्होल्ट दिसले तर तार किंवा सेंडर गेला. बदलल्यानंतर डिस्प्लेच्या मेनूत जाऊन ट्रिमची खालची आणि वरची मर्यादा नव्याने शिकवावी लागते. हे राहिलं की नवा सेंडरही चुकीचाच दिसतो आणि लोक त्याला परत करायला निघतात.

पाण्यात उतरवल्यावर

गिंबल हाउसिंगमधून तार जिथे आत येते तिथे रबरी गुटका आणि तो दाबून धरणारी पट्टी असते. तार बदलताना हा गुटका हलतो, आणि ती जागा पाण्याच्या रेषेखाली आहे. म्हणून बोट उतरवली की ट्रेलर लगेच बाहेर ओढू नका. इंजिनचं झाकण उघडून टॉर्चने ट्रान्समच्या आतली बाजू बघा, त्या गुटक्याखाली कोरडा कागद धरा. दहा मिनिटांनी कागद कोरडा असेल तर बोट मोकळी करा. ओला झाला तर ती तिथेच ट्रेलरवर ओढून घ्या, पट्टी पुन्हा बसवा आणि परत दहा मिनिटं.